पाचवा

आजी मोतीबिंदू काढल्यानंतरचा काळा गॉगल लावूनच दुकानात शिरल्या, आणि चष्म्यांच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या तिने झटकन फ्रेमांचा ट्रे पोटापुढे धरला.

"आहेस ना गं?" आजींनी ट्रेच्या आवाजाच्या अंदाजाने तिलाच गाठलं. "मला वाटलं, एव्हाना रजेवर गेली असशील. नववा लागला ना?"

"हो... म्हणजे, बसा ना आजी."

गिऱ्हाइकांसाठी दुकानात एकच खुर्ची होती. मागच्या खेपेला आजी जुन्या चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला आल्या, तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. समोरची पाटी दिसत नव्हती, पण हिचं पोट तेवढं दिसलं. खुर्चीवरून उठून म्हणाल्या, "बस गं. कितवा?" थोरली झाली, मग धाकटा झाला, दोन्ही सिझेरियन, धाकटाही आता पळायला लागला आणि हे जे दिसतंय ते नुसतं सुटलेलं कातडं आहे, एवढं सगळं सांगण्यापेक्षा "पाचवा" म्हणणं सोपं होतं. ती म्हणाली. आणि बसली.

आज तिला क्लिनिकमधून फोन यायचा होता. पोटाचं ऑपरेशन करायचं की नाही ते सांगायचं होतं. डॉक्टरांनी लोंबणारी घडी शिंप्याने कापड धरावं तशी दोन्ही हातांत धरून दाखवली होती. "हे सगळं निघेल. बेंबी देठासकट तशीच ठेवतो, वरची कातडी खाली ओढतो आणि नवं भोक पाडून तिला बाहेर काढतो." बेंबीला खरंच देठ असतो हे तिला तेव्हा कळलं. तिला वाटायचं, तो फक्त ओरडण्यापुरता असतो.

बहीण म्हणाली, करून टाक. सासूबाई म्हणाल्या, "पोट फाडून घ्यायची हौस अजून फिटली नाही का?" नवरा म्हणाला, "तुझं शरीर, तुझा निर्णय." वाक्य इतकं बरोबर होतं की त्यातून हाती काहीच लागेना. अंघोळीनंतर घडीखालच्या लाल चट्ट्यांना पावडर लावताना वाटायचं, करावंच. मग धाकटा येऊन त्याच घडीत तोंड खुपसून खिदळायचा, तेव्हा काय वाटायचं ते तिला सांगता आलं नसतं.

आणि आता ह्या आजी. ऑपरेशन केलं तर बाळ कुठाय म्हणून विचारणार. नाही केलं तर दहावा, अकरावा मोजत बसणार.

"हे घे." आजींनी पिशवीतून लोकरीचे दोन पिवळे मोजे काढले. "गॉगल लावूनच विणलेत. चुकलं असेल तर बाळ काही बोलणार नाही."

तिने मोजे काउंटरवर ठेवले, ट्रे ठेवला, गॉगल उतरवून घेतला. नव्या काचांचा चष्मा आजींच्या नाकावर बसवला. एक काडी जरा सैल होती. ती तिने गरम करून वाकवली.

"जवळचं खालच्या भागातून बघा," ती सवयीने म्हणाली आणि वाचायचं कार्ड शोधायला लागली. आजींनी मोजेच उचलून डोळ्यांपुढे धरले.

"अगं बाई! हे मी विणलंय? एक बाळाचा आणि एक बाळाच्या बापाचा!"

दोघी हसल्या. हसता हसता तिच्या तोंडून पुढचं निघून गेलं. "आता लांबचं बघा. वरच्या भागातून."

आजींनी मान वर केली. आधी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग खाली. ट्रे काउंटरवरच राहिला होता.

"मागच्या खेपेला पाचवा म्हणालीस."

"हो."

"मग हा अजून पाचवाच का गं?"

तिने ओढणी पुढे घेतली, पुन्हा सोडून दिली. "आजी, तिथे कोणी नाही. ते नुसतं पोट आहे. आधीच्या दोघांचं."

"मग खोटं कशाला बोललीस?"

यावर काहीतरी नीटनेटकं सांगायचं तिने मनात योजलं होतं. पण तोंडून निघालं ते भलतंच. "तुम्ही बस म्हणालात म्हणून."

तिच्या खिशातला फोन थरथरायला लागला. आजी उठल्या. रागावून निघाल्या, असंच तिला वाटलं. पण त्यांनी खुर्ची फरफटत काउंटरच्या आतल्या बाजूला आणली.

"बस."

"अहो, पण आता कशाला..."

"मी काय पोटाला खुर्ची दिली होती?"

ती बसली. घडी मांडीवर येऊन टेकली, नेहमीसारखी. आजींनी उभ्या उभ्याच मोठ्या मोज्याचं टोक शोधलं आणि भराभर उसवायला सुरुवात केली. "धाकट्याचं पाऊल केवढंय, ते सांग."

तिने बोटांनी माप दाखवलं आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"मॅडम, तारीख धरू ना?" क्लिनिकमधली मुलगी घाईत होती. "हो की नाही, एवढंच सांगा."

"एक मिनिट हं," ती म्हणाली. "मी आत्ताच बसलेय."