पळणाऱ्या गोगलगायी

१९८६ सालच्या नोव्हेंबरातली दुपार. खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर गुडघ्यांवर बसून सून गोगलगायी मोजत होती. बारा. कालही बारा, परवाही बारा. तरी काचेवर शेवाळ चढलं होतं आणि मासे हिरव्या धुक्यात फिरल्यासारखे दिसत होते. गोगलगायी काचेला चिकटायचं सोडून तळाच्या वाळूवर चक्क पळत होत्या.

टाकी नवऱ्याची. तो बोटीवर इंजिनाच्या कामावर होता. निघताना त्याने तिला सगळं पढवलं होतं. गोगलगायी शेवाळ खातात, शंख पाठीवर घेऊन हिंडणारे खेकडे उरलंसुरलं खातात, दोघांनाही सांभाळ. तेव्हा तिला तिसरा महिना होता. आता मुलगी चार महिन्यांची झाली, तरी तो यायचाच होता. काही महिन्यांपासून हाताला लागलंय म्हणून पत्रं टाइप करून धाडी. टपाल सासूबाई घेत, पाकीट फोडून नुसता कागद सुनेच्या हाती देत. तिची उत्तरं पेटीत टाकायलाही त्याच नेत. ती प्रत्येक पत्र इतक्यांदा वाची की कागद घडीवर फाटून जाई.

शेवटी तिने माशांच्या दुकानदाराला बोलावलं. त्याने बाही वर सारली, एक गोगलगाय उचलून उलटी केली. आतून पाय वळवळत बाहेर आले.

"वहिनी, हा खेकडा आहे."

"आणि गोगलगाय?"

"खाल्ली तिला. तळाशी रिकामे शंख ठेवले नव्हते का? खेकडा वाढला की त्याला मोठं घर लागतं. नाही मिळालं, तर घरमालकालाच ओढून बाहेर काढतो."

त्याने एकेक उचलून पाहिली. बाराच्या बारा.

"तुम्ही इतके दिवस नुसते शंख मोजताय, वहिनी."

नवऱ्याची ताकीद विसरून रिकामे शंख तिनेच काढून टाकले होते. तान्ह्या मुलीच्या घरात मेलेल्या जिवांची घरं कशाला, म्हणून. नवऱ्याला तसं मोठ्या हौसेने कळवलंही होतं.

दुकानदार गेल्यावर तिने उशीखालचं शेवटचं पत्र काढलं. 'ते रिकामे शंख काढलेस, छान केलंस. गोगलगायी पळायला लागल्या, वाचून मौज वाटली.'

ज्या माणसाने शंख हलवू नकोस म्हणून दोन तास तिचं डोकं खाल्लं होतं, त्याला मौज वाटली? खाली लाडाचं नाव तेच होतं. थट्टाही त्याचीच.

पलीकडच्या खोलीत टाइपरायटर खडखडत होता. सासूबाई कोर्टात टायपिस्ट होत्या. निवृत्तीनंतर लोकांचे अर्ज टाइप करून देत. हा आवाज ती रोज ऐकत आली होती. आज पहिल्यांदाच तिने तो कान देऊन ऐकला.

ती दारात जाऊन उभी राहिली. कागद पुढे केला.

सासूबाईंची बोटं थांबली. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कुठे चुकलं गं माझं?" त्यांनी विचारलं.

तार सून सात महिन्यांची गरोदर असतानाच सासूबाईंच्या हाती आली होती. तो बोटीवरून पाण्यात पडला होता, सापडला नव्हता. आधी दोनदा गर्भ गमावलेल्या सुनेला तेव्हा सांगवलं नाही, आणि पुढे कधीच सांगवेना.

टाकी दुकानदार घेऊन गेला. पुढे त्याने तो धंदाच सोडला. मुलगी शिकून डॉक्टर झाली आणि समुद्रापासून लांबच्या गावी स्थायिक झाली. सासूबाई आणखी अकरा वर्षं जगल्या. शेवटची तीन वर्षं त्यांना फारसं काही आठवत नव्हतं. सकाळी दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि विचारायच्या, "टपाल आलं का गं? पोराचं काहीच नाही?"

सुनेने काही दिवस काहीबाही सांगून वेळ मारून नेली. मग एका दुपारी ती टाइपरायटरसमोर जाऊन बसली.

तेव्हापासून दर महिन्याला पत्र येऊ लागलं. सासूबाई चष्मा लावून ते वाचत, चुकलेल्या अक्षरांवर पेन्सिलीने खुणा करत आणि सुनेकडे बघून हसत. "मेला अजून एकाच बोटाने टाइप करतो," त्या म्हणत. "पण सुखरूप आहे हो."