रविवार, साडेनऊ, साईंकडे

तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं.

अनुयाने पाटी पुन्हा वाचली. मग शेजारच्या पाट्या वाचल्या. डावीकडे तोच शिंपी, उजवीकडे तेच भांड्यांचं दुकान. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला हा कोपरा तिने झोपेतही ओळखला असता. मधलं साईंचं दुकान तेवढं नव्हतं.

ती मेलबर्नहून पहाटे उतरली होती आणि टॅक्सीने थेट इथे आली होती. बाबांना कळवलं नव्हतं. रविवारी साडेनऊला ते साईंकडे दुसऱ्या बाकावर बसलेले असतात. मागून जायचं आणि त्यांचे डोळे झाकायचे, एवढाच तिचा बेत होता.

"किसको ढूंढते, ताई?" शिंप्याने मशीन थांबवून विचारलं.

"साईं. दाल पकवानवाले."

"वो तो कब के गये. दुकान विकून इंदूरला, मुलाकडे. तीन साल झाले."

"तीन वर्षं कशी होतील? माझे बाबा मागच्या रविवारीच इथे खाऊन गेले."

शिंप्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या बॅगेकडे. "ताई, साईंना गाडीत मी स्वतः बसवलं."

तिने मागचा रविवार आठवून पाहिला. व्हिडिओ कॉलवर सगळं दिसलं होतं. हिरवी भिंत, संगमरवरी टेबल, स्टीलच्या ताटलीत चणाडाळ, वर चिंचेची चटणी, कच्चा कांदा आणि शेजारी ताटाएवढं पकवान. हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या जेवणाच्या सुट्टीत ती डब्यातलं सँडविच खायची आणि समोर बाबा खात असायचे. लहानपणी ती आणि बाबा दर रविवारी त्याच बाकावर बसायचे. आई घरी थांबायची. "त्या मैद्याच्या पापडासाठी अंबरनाथहून उल्हासनगर गाठतात बापलेक," म्हणायची आणि वाट बघत बसायची.

आई गेली तेव्हा अनुया आठ दिवसांसाठी आली होती. त्याला चार वर्षं झाली. त्या आठ दिवसांत घराच्या गॅलरीकडे ती एकदाही गेली नाही. आईचं शिवणाचं मशीन तिथे होतं. पुन्हा यायचं म्हटलं की रजा, पैसे, परीक्षा असं काहीतरी निघायचं. बाबा विचारायचे, "कधी येतेस?" ती म्हणायची, "आले की आधी साईंकडे!"

बरोबर साडेनऊला फोन वाजला. तिने कॅमेरा बंद ठेवून तो घेतला.

"ऐकू येतंय ना गं? कॅमेरा का नाही?"

"नेट हळू आहे, बाबा. तुम्ही कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? साईंकडे!" पडद्यावर हिरवी भिंत होती, ताटली होती. "आज काय गर्दी आहे म्हणून सांगू. कशीबशी जागा मिळाली."

त्यांच्या बाजूने कसलाच आवाज येत नव्हता. तिच्यामागे मात्र दोन रिक्षावाले एकमेकांना शिव्या घालत होते.

"तुझ्याकडे हे हिंदी कोण बोलतंय गं?"

"पेशंटचे नातेवाईक आहेत," ती म्हणाली आणि फोन ठेवून त्यांतल्याच एकाच्या रिक्षात बसली.

अंबरनाथ पूर्वेला पोहोचेपर्यंत कॉलवरचा एक जुना रविवार तिच्या डोक्यातून जाईना. पकवान पुरीसारखं टम्म फुगलं होतं. ती खूप हसली होती. साईंचं पकवान कधी फुगायचं नाही, तळण्याआधी ते काट्याने टोचून घ्यायचे. बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले होते, "नवा कारागीर आहे. शिकेल हळूहळू." त्यांच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. चहा करताना भाजलं, असं त्यांनी सांगितलं होतं.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत तेलाचा आणि ओव्याचा वास भरला होता. ओट्यावर पीठ सांडलं होतं, काटा होता, लाटणं होतं. गॅलरीत शिवणाचं मशीन एका कोपऱ्यात सरकवून त्यावर फुलाफुलांचं कापड घातलं होतं. उरलेल्या जागेत साईंचं टेबल आणि साईंचा बाक होता. टेबलामागची तेवढीच भिंत हिरवी रंगवली होती, फोनच्या चौकटीत मावेल इतकी. पाण्याच्या तांब्याला फोन टेकवलेला होता. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. खाली लेंगा होता आणि त्यावर पीठ उडालं होतं.

त्यांनी आधी तिला पाहिलं, मग बॅगेला. उठायला गेले आणि पुन्हा बसले.

"नवा कारागीर हाच का?" तिने विचारलं.

"पंधरा दिवस उभं करून शिकवलंन साईंनी. जाताना टेबल-बाकही दिलंन." त्यांनी ताटली तिच्याकडे सरकवली. "घे. आज फुगलं नाहीये."

ती बाकावर बसली. पकवान मोडलं, डाळीत बुडवलं आणि खाल्लं. चव साईंची नव्हती. डाळीला गोडा मसाला होता, आईच्या आमटीत असायचा तोच.

"बंद झालं, एवढं सांगायचंत ना, बाबा. तीन वर्षं हे सगळं कशाला?"

बाबांनी टेबलावरचं पीठ तळहाताने पुसलं. कोपऱ्यातल्या मशीनकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"घरी येते, असं चार वर्षांत तू एकदाही म्हणाली नाहीस, अनू. साईंकडे येते म्हणायचीस. मग ते बंद कसं होऊ देणार?"