खोटं दुखणं

"तळपायाखाली कुणी गरम वाळू पसरलीय असं वाटतं," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी पाऊल अलगद खुर्चीखाली ओढून घेतलं.

समोर बसलेला डॉक्टर होऊ घातलेला मुलगा गंभीरपणे मान डोलावत होता. मग मावशींनी ठरलेलं वाक्य टाकलं, "गांजापासून केलेलं औषध मिळतं म्हणे हल्ली. ते घेऊन बघू का?" त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं. त्याने ते लगेच गिळलं, पण मावशींच्या नजरेतून ते सुटलं नाही. भिंतीतल्या काळ्या काचेमागे बसून परीक्षा घेणाऱ्या सरांच्याही नजरेतून सुटलं नसणार.

मावशींना काहीही झालेलं नव्हतं. उभं आयुष्य रंगभूमीवर काढल्यावर आता त्या विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णाचं काम करत. खऱ्या माणसांशी बोलण्याआधी मुलांनी मावशींशी बोलून हात साफ करायचा. कधी त्यांना दमा लागायचा, कधी पोटात कळ यायची. एकदा तर ऐन साठीत पहिलटकरीण व्हावं लागलं होतं आणि तेही त्यांनी झकास निभावलं होतं. नाटकात टाळ्या मिळायच्या, इथे 'बसा, पाणी देऊ का?' मिळायचं. खरं सांगायचं तर मावशींना हेच जास्त आवडायचं.

यंदाचा विषय मात्र नवा होता. गांजाच्या औषधांना कायद्याने परवानगी मिळाली होती, रुग्ण विचारायला लागले होते आणि डॉक्टर एकमेकांची तोंडं बघत होते, कारण त्यांना हे कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून विद्यापीठाने संशोधनाची प्रयोगशाळा काढली आणि जोडीला अभ्यासक्रमही. त्याला सगळ्यांत जास्त विरोध सरांचा. भर बैठकीत त्यांनी विचारलं होतं की हे विद्यापीठ आहे की अड्डा. आणि मग उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तोच अभ्यासक्रम त्यांनी आपणहून मागून घेतला.

प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंनी चहा पिता पिता मावशींना यातली मेख सांगितली होती. सर परीक्षेत झाडून सगळ्या मुलांना नापास करणार आणि विषय शिकवण्यासारखा नाही म्हणून गाशा गुंडाळायला लावणार. मावशींना ते पटलं होतं. तालमीत सरांनी त्यांचा पिच्छाच पुरवला होता. पाऊल पूर्ण टेकवायचं नाही, कडेवर चालायचं. कण्हायचं तर मुळीच नाही, असलं दुखणं माणूस लपवतो. नुसत्या चादरीचा स्पर्शही सोसत नाही. शेवटी मावशींनी हात जोडले होते. त्यांच्या एकाही दिग्दर्शकाने त्यांना इतकं पिडलं नव्हतं.

मुलं एकामागून एक येत राहिली. एकाने व्यसनाच्या नावाने मावशींचीच कानउघाडणी केली. दुसऱ्याने औषधाची इतकी तारीफ केली, की दुकान थाटून बसलाय असं वाटावं. तिसरीने संशोधनाचे निष्कर्ष घडाघडा म्हणून दाखवले, पण मावशींकडे मान वर करून पाहिलं नाही.

मग चष्मा डोक्यावर सरकवलेली एक किरकोळ मुलगी आली. तिने खुर्ची टेबलाला वळसा घालून मावशींच्या शेजारी आणली. झोप कशी लागते, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत, हृदयाचा त्रास आहे का, हे सगळं तिने सावकाश विचारून घेतलं. गांजाचं वाक्य ऐकून ती हसली नाही आणि तिच्या कपाळावर आठीही पडली नाही.

"काहींना थोडा आराम पडतो, काहींना अजिबात नाही," ती म्हणाली. "गुंगी येते, चक्कर येते. तुमच्या बाकीच्या गोळ्यांशी त्याचं जमतं का, ते आधी बघावं लागेल. आणि किती घ्यायचं ते मला आत्ता नाही सांगता येणार. विचारून उद्या सांगते, चालेल?"

परीक्षेत, आणि तेही सरांच्या देखत, येत नाही म्हणून सांगायचं म्हणजे पायावर धोंडाच.

"घरी बोललात का कुणाशी?" मुलीने विचारलं.

मावशींनी ठरल्याप्रमाणे मान खाली घातली.

"जड जात असेल तर मी बसेन तुमच्या शेजारी. तुम्हाला जमेल तेवढंच बोला."

यावर मावशींना पुढचं वाक्य होतं, पण ते आठवेना. डोळे मात्र आपोआप भरून आले.

परीक्षा संपली. सर काचेमागून बाहेर आले, बाकीच्यांना त्यांनी जायला सांगितलं आणि त्या मुलीला थांबवून घेतलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता. मावशींना राहवलं नाही.

"सर, वाक्य मी विसरले. तिचा यात काही दोष नाही. आणि खरं सांगू? खरोखर आजारी पडले तर मी हिच्याकडेच जाईन."

सरांनी काचेमागच्या खोलीत कुणी उरलेलं नाही याची खात्री करून घेतली आणि दार लावलं. मुलगी पास झाली होती, हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की तिला ते कळायलाच एक क्षण लागला. अभ्यासक्रम पुढच्या वर्षीही चालू राहणार होता. मावशींना इतकं हायसं वाटलं, की त्या पर्स उचलून निघाल्यासुद्धा.

"तुम्हीही थांबा मावशी. तुम्हाला आता यातलं सगळं माहीतच आहे," सर म्हणाले आणि रुग्णाच्या खुर्चीत जाऊन बसले. मग त्या मुलीला त्यांनी शेजारची खुर्ची दाखवली.

"बसा डॉक्टर. घरी मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही."