ण नातीचा

“वेळ चार वाजून दहा मिनिटं,” भार्गवीने फोनवर जोशीगुरुजींना सांगितलं आणि कुशीतल्या लेकीकडे बघायचं टाळलं. लेक पाच दहाला झाली होती.

हा एक तास तिने उगाच खाल्ला नव्हता. त्यांच्या घरात मुलांची नावं जन्माक्षरावरून पडत आणि ती घरातलं सगळ्यांत मोठं माणूस ठरवी. म्हणजे आता तिचे बाबा, राजाभाऊ. मुलगी झाली तर मनस्विनी, हे भार्गवीने पाचव्या महिन्यातच त्यांच्या कानावर घातलं होतं. “अक्षर येईल ते नाव,” एवढंच ते म्हणाले होते.

पाच दहाचं अक्षर ठ होतं, हे तिने मोबाइलवरच्या पंचांगात बघून ठेवलं होतं. ठ म्हटलं की बाबांना एकच नाव सुचणार, त्यांच्या आईचं. ठकू. तासभर मागे सरकलं की ण येत होता आणि मराठीत ण वरून शब्दच सुरू होत नाही. बाबा हात टेकतील, नाव आपल्याकडे येईल, असा तिचा साधा बेत.

पण राजाभाऊ उभा जन्म रत्नागिरीच्या शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेले. त्यांना ण म्हणजे पर्वणीच.

“बंगाली माणूस ण लिहितो आणि वाचतो न,” ते आमटी ओरपत सांगू लागले. “पंजाबीत खाणा, जाणा, क्रियापदं ण वर येऊन टेकतात. सुरुवातीला मात्र ण नाही.”

“मग राहू दे ना, बाबा.”

“राहू दे काय? तमिळमध्ये पेण म्हणजे मुलगी, कन्नडमध्ये हेण्णु. अक्षर लेकीबाळींचंच आहे गो, फक्त मागच्या दाराने येतं. पुढच्या दाराने कुठे येतं ते शोधतोय.”

बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या हौसाला हसू आवरेना. “आमच्यात ण नायच, भाऊ. पानी पितो, लोनी खातो. आमचा काय अडलाय?”

भार्गवीची आई, कमलाबाई, पदर तोंडाला लावून हसल्या. भार्गवीही हसली. बाबांना इतकं खुशीत तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि आपण त्यांना फसवतोय याचं तिला फार वाईट वाटलं.

दहाव्या दिवशी ते जाडजूड शब्दकोश छातीशी धरून ओसरीवर आले.

“सापडलं! प्राकृतात न चा सर्रास ण होतो. नगर म्हणजे णयर. आणि नलिनी म्हणजे णलिणी!”

“अहो, शाळेत पोरं सोडतील का तिला?” कमलाबाई म्हणाल्या.

“अक्षर ते अक्षर,” राजाभाऊ म्हणाले.

भार्गवीने मुंबईला नवऱ्याला फोन लावला. “खरं सांगून टाक,” सलिल म्हणाला.

“खरं सांगितलं तर ठकू, नाही सांगितलं तर णलिणी. तूच निवड.”

सलिलने काहीतरी निमित्त काढून फोन ठेवला.

बाराव्या दिवशी पाळणा सजला. सलिलची बहीण सानिका सावर्ड्याहून आली होती. आत्या म्हणून नाव कानात सांगायचा मान तिचा. राजाभाऊंनी तिच्या हातात चिठ्ठी दिली. भार्गवीने डोळे मिटून घेतले. सानिका पाळण्यात वाकली, कुर्रर्र केलं आणि मग मोठ्याने म्हणाली, “मनस्विनी!”

बायका तिच्या पाठीत धपाटे घालत होत्या. भार्गवीला रडूच फुटलं. बाबांना तिने माजघरात ओढलं.

“बाबा, मी वेळ खोटी सांगितली. ती पाच दहाला झाली. अक्षर ठ होतं.”

“ठाऊक आहे.” राजाभाऊंनी घुगऱ्यांचा बकाणा भरला. “दाराबाहेर घड्याळ बघत मीच उभा होतो.”

“मग ती णलिणी?”

“म्हटलं, बघू किती दिवस तोंड मिटून बसते.”

भार्गवीने डोळे पुसले. “पण माझ्यामुळे ठकूआजीचं नाव राहून गेलं.”

“तिला सवय आहे,” राजाभाऊ म्हणाले. “तुझं अक्षर य होतं. मला भार्गवी हवी होती, म्हणून मीही तिला वेळ तासभर पुढची सांगितली होती.”