मायाचा दात

“समोरचा दात कुठं गेला?” परीक्षा घ्यायला शहरातल्या तात्यापाऱ्यातून आलेल्या लोकेश सरांनी विचारलं.

“उंदरानं नेला,” माया म्हणाली.

सर पोटभर हसले. मग तिनं समोरचा उतारा घडाघडा वाचला. सरांनी डाव्या हातानं शेरा लिहिला आणि शिपाई नत्थूकाकानं आणलेल्या चहात तिसरा चमचा साखर टाकली.

थोड्या वेळानं माया पुन्हा आत गेली. या खेपेला वेणीला लाल रिबीन होती आणि नाव पूर्णिमा होतं.

“तुझाही दात?”

“उंदीर एकच होता, सर.”

खरी पूर्णिमा व्हरांड्यात खांबाआड उभी होती. जुळ्या बहिणी, आईसुद्धा रिबिनीवरूनच ओळखायची. पण मायाला अंक दिसले की तिचं पोट दुखायचं, आणि पूर्णिमाला अक्षरं दिसली की तिचं.

बीरगावच्या त्या शाळेत तिसरीच्या पोरांना एकेक करून आत बोलावत होते. वाचन सकाळी, गणित जेवणानंतर. मुख्याध्यापिका बड़ी मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं: वाचनात कच्ची पोरं पलीकडच्या खोलीत बसतील, गणितात कच्ची अलीकडच्या. वर्षभर. आणि या दोघींनी तर आईच्या पोटातही वेगळी खोली मागितली नव्हती.

“सर, दोन्ही तुकड्यांची हजेरी जोडून सांगता का?” मॅडमनी विचारलं.

“आकड्यांचं सगळं जेवल्यावर,” सर म्हणाले आणि घाईनं बाहेर पडले.

दुपारच्या वरणभाताचा घास पूर्णिमानं खाली ठेवला.

“माया, तुहा दात!”

“काय झालं दाताले?”

“सकाळी दोघींचाही पडला होता. आता दोन्ही वेळा मी जाईन, तं दोघींचाही उगवलेला दिसन!”

“उंदरानं वापस आणून देला म्हणजो.”

पूर्णिमा हसली नाही. “पकडलं तं अलग करतीन आपल्याले.”

मायानं आपल्या ताटातलं लोणचं उचलून तिच्या भातावर ठेवलं.

सर परतले. “खोली कोणती?” त्यांनी दारात विचारलं.

“भुलले का, सर? सकाळचीच,” नत्थूकाका म्हणाला. “चहा आणू?”

“नको. चहानं पित्त होतं मला.”

तीन चमचे साखर खाल्ल्यावर होणारच, नत्थू मनात म्हणाला.

पूर्णिमा ओठ गच्च मिटून गेली आणि वजाबाक्या सोडवून तशीच बाहेर आली. रिबीन काढून, माया होऊन, पुन्हा आत गेली. याही वेळी एक उत्तर चुकलं नाही.

“आता शेवटचं,” सर म्हणाले. “हे तोंडानं सांग.”

तिनं ओठ आणखी घट्ट मिटले. सर वाट पाहत राहिले. खिडकीबाहेर मायानं डोळे मिटून घेतले.

“सदतीस,” पूर्णिमा म्हणाली. सगळे दात लख्ख दिसले.

सरांनी तिच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

“शाबास. दात छान आहेत, घासत जा,” ते म्हणाले, आणि उजव्या हातानं शेरा लिहिला.

शाळा सुटताना बड़ी मॅडमनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवला. “दोनों पास. बैठो अपनी उसी बेंच पर.”

व्हरांड्यात पोचेपर्यंत दोघींनी एकमेकींचा हात सोडला नाही.

“सरांनी ओळखलं होतं,” पूर्णिमा म्हणाली. “पण बोलले नाही.”

“मंग त्यायले काही देऊ ना.” मायाच्या खिशात बोरं होती. तिनं त्यातली किडकी वेगळी काढली आणि दोघी फाटकाबाहेर धावल्या.

कडुनिंबाखाली मोटरसायकलवर लोकेश सर बसले होते. डाव्या हातात चहाचा ग्लास होता.

“झालं का गणित?” मागच्या सीटवर चढणाऱ्या दुसऱ्या लोकेश सरांना त्यांनी विचारलं.