न उघडलेले मेसेज

बाईंनी फळ्यावर ‘एकतीस’ लिहिलं आणि हात झटकले. सातवीच्या वर्गात अडतीस मुलं. त्यांतल्या एकतीस जणांनी ‘निळी चांदणी’ नावाच्या मुलीशी मोबाईलवर मैत्री केली होती. ती कोण, कुठली, तिला कुणी पाहिलंय का, हे एकानंही विचारलं नव्हतं.

“निळी चांदणी म्हणजे मीच,” बाई म्हणाल्या.

मग जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवून खिदळू लागला. बाईंनी हसू दिलं. दोन आठवड्यांपूर्वी मुख्याध्यापकांना विचारून त्यांनी हे खोटं खातं उघडलं होतं, मांजरीचा फोटो लावला होता आणि प्रत्येकाला मैत्रीच्या चार ओळी धाडल्या होत्या. अनोळखी माणसांपासून जपा, असं नुसतं सांगून मुलं ढिम्म हलत नाहीत, हे अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांना कळून चुकलं होतं.

मग त्यांनी दुसरा आकडा लिहिला. अकरा. अकरा जणांनी चांदणीला आपणहून मेसेजही पाठवले होते. आता मात्र बाईंचा आवाज कडक झाला. नावं त्यांनी घेतली नाहीत. मेसेज तर उघडलेही नव्हते. मुलांचं खासगी आपण वाचायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. पण लिहिणाऱ्यांनी जरा लाज बाळगावी, असं त्या बोलून गेल्या.

खिडकीजवळची मुलगी तेवढी हसली नव्हती. शाळेच्या बॅडमिंटन संघातली, अंगानं काटकुळी, बोलायला मुखदुर्बळ. शाळा सुटल्यावर सगळे पळाले, तरी ती टेबलापाशी घुटमळत राहिली. तुम्ही खरंच एकही मेसेज वाचला नाहीत का, असं तिनं विचारलं. बाईंनी थोड्या अभिमानानंच नाही म्हटलं. मुलीनं मान हलवली, दप्तर उचललं आणि ती निघून गेली.

बाई वह्या आवरत होत्या, पण हात चालेना. ती मान हलवणं त्यांना खटकलं होतं. पोरीचं काही बिनसलंय का, असं मनात आलं. स्वतःचाच नियम मोडून त्यांनी मोबाईल उघडला. अकरांपैकी दहा नावांपुढे एकेक मेसेज होता. त्या मुलीच्या नावापुढे नऊ होते.

सर्वांत खालचा आज सकाळचा होता. ‘बॅडमिंटनचे सर म्हणतात, आज संध्याकाळपर्यंत तसला फोटो पाठव. नाहीतर आधीचा सगळ्यांना दाखवतील. आईला सांगायची भीती वाटते.’ त्याच्या वरचा कालचा, त्याच्या वरचा परवाचा. सर रोज काय लिहितात, ते तिनं जसंच्या तसं उतरवलं होतं. पहिला मेसेज बारा दिवसांपूर्वीचा होता. पुढचं वाचवेना. बारा दिवस हा मोबाईल त्यांच्या पर्समध्ये होता.

जिन्यावरून त्या जवळजवळ धावतच उतरल्या. मुलगी फाटकाबाहेर पडत होती. बाईंनी तिला आत घेतलं, तिचं दप्तर आपल्या खांद्याला अडकवलं. फोटो पाठवायचा नाही, मोबाईलमधलं काही पुसायचंही नाही, आत्ता मुख्याध्यापकांकडे जायचं, तिथूनच आईला आणि पोलिसांना फोन करायचा, असं त्या भराभरा सांगत राहिल्या. तुझी यात काडीची चूक नाही, हेही सांगितलं.

कचेरीच्या दारापाशी मात्र त्यांना राहवलं नाही.

“अगं, ज्या पोरीला तू कधी पाहिलंही नाहीस तिला सगळं सांगितलंस. मी रोज समोर उभी असते. मला का नाही सांगितलंस?”

मुलीनं पहिल्यांदाच वर पाहिलं.

“तुम्हालाच सांगितलं होतं, बाई. इतकं शुद्ध आमच्यात कोण लिहितं?”