ट्रॅक्टर अडून बसला

रंगनाथनं स्टिअरिंग धरताच ट्रॅक्टर हळू आवाजात म्हणाला, "मनावर फार ताण आहे. आधी कुणाशी तरी बोला, मग निघू." स्टिअरिंगवरच्या हातातून त्याची वाढलेली नाडी ट्रॅक्टरनं टिपली होती.

"मला काही झालेलं नाही," रंगनाथ खेकसला. निम्मी द्राक्षबाग गारपिटीनं झोडपली होती आणि उरलेलीवर आजच फवारणी हवी होती.

ट्रॅक्टरनं सगळ्यात जवळच्या शेतकऱ्याला निरोप धाडला. आला तो मुरली. बांधाच्या भांडणावरून दोघांचं बोलणं बंद होतं. तरी तो शेजारी येऊन बसला.

"बायको गेली तेव्हा मलाही ट्रॅक्टरनं असंच अडवलं होतं," मुरली म्हणाला. "लाज वाटली. पण बोललो, म्हणून आज आहे."

रंगनाथनं स्टिअरिंग सोडलं. मग म्हणाला, "विहिरीकडं जायची भीती वाटते रे. स्वतःचीच."

"आजच मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊ. मीही त्यांच्याकडंच जातो. आल्यावर फवारणी मी करतो."

संध्याकाळी फवारणी आटोपून मुरली अंगणात आला, तेव्हा रंगनाथनं आत हाक दिली, "सिंधू, दोघांची ताटं वाढ."

सिंधू लगबगीनं भाकरी थापायला बसली. नवऱ्यानं स्वतःहून जेवण मागून किती दिवस झाले होते.